तीन इंची पातं: खिशातल्या चाकूची रोजची कामं

सकाळी दुकानाचं शटर वर गेलं की पहिल्या तासाभरातच माझ्या खिशातला चाकू सात-आठ वेळा बाहेर निघतो. खत-बियाणांचं दुकान आहे. गोणीची शिवण उसवायची, खोक्याची टेप कापायची, कुणाला ठिबकची दोन मीटर नळी तोडून द्यायची. गिऱ्हाईक हसतं, "मालक, एवढासा चाकू घेऊन कुठं लढाईला निघालात?" आणि पाचव्या मिनिटाला तेच गिऱ्हाईक बियाण्याची पिशवी दातांनी फाडायला जातं. त्या बियाण्याला औषध चोळलेलं असतं, ओळखू यावं म्हणून मुद्दाम गुलाबी-लाल रंग दिलेला असतो. ती पिशवी तोंडाजवळही न्यायची नसते. मी चाकू पुढे करतो, अर्थात मिटलेला.

वीसेक वर्षं वापरून मला पटलेली गोष्ट एकच. रोजच्या कामाला चाकू लहानच पुरतो, पण तो धारदार हवा आणि कामापुरतंच पातं वापरायची सवय हवी. बहुतेक वेळा लागतं ते पात्याचं टोक, तेही जेमतेम अर्धा सेंटिमीटर.

घेताना काय बघावं

पातं अडीच ते तीन इंच. त्याहून मोठं खिशात टोचतं आणि चारचौघांत काढलं की लोक दचकतात. खटका दाबला की फटकन उघडणारा, रामपुरी म्हणून ओळखला जाणारा चाकू तर नकोच. रामपूर हे उत्तर प्रदेशातलं गाव, तिथल्या कारागिरांची कला आपल्या जागी थोर आहे, पण तो खिशातून निघाला की पेरू कापायला काढलाय यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

साधारण तीन प्रकार मिळतात. पहिला नुसत्या स्प्रिंगवर उघडा राहणारा. यात पातं कशानेही अडकलेलं नसतं, पाठीवर जोर आला की मिटतं. दुसरा लॉकचा: पातं पूर्ण उघडलं की मुठीतली पट्टी किंवा पाठीवरची कळ त्याला अडवते. तिसरा कड्याचा, म्हणजे मुठीच्या तोंडाशी असलेलं धातूचं कडं फिरवून पातं अडकवायचं. फ्रान्समधल्या साव्होआ भागातला ओपिनेल याच जातीचा. चाकू १८९० पासूनचा, कडं मात्र १९५५ साली आलं. त्याची आठ नंबरची आवृत्ती, साडेआठ सेंटिमीटर पात्याची, वजनाला हलकी आणि फळं कापायला फार छान. आपल्याकडे एक अडचण येते. मूठ लाकडी असल्यामुळे पावसाळ्यात फुगते आणि पातं आत घट्ट बसतं. नखं मोडत बसू नका. कडं सैल करा, चाकू उलटा धरा आणि मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर हलकं आपटा. पातं थोडं वर येतं, मग चिमटीत धरून ओढता येतं.

अनेक हत्यारांचा लाल स्विस चाकू सगळ्यांना माहीत असतो. कार्ल एल्सनर यांनी १८८४ मध्ये इबाख गावात कारखाना काढला आणि १८९१ मध्ये स्विस सैन्याला पहिले चाकू पुरवले. त्या चाकूत इतकं काय काय असतं की निम्मं वापरलं जात नाही. पण बाटलीचं बूच काढायचा जो पिळदार स्क्रू असतो, तो टाकाऊ समजू नका. ओल्या सुतळीची आवळलेली गाठ त्याच्याइतकी कशानेच सुटत नाही. टोक गाठीत घालायचं, अर्धा फेरा फिरवायचा, ओढायचं.

पोलादाचं बोलायचं तर स्टेनलेस घ्या. कार्बन पोलादाला धार लवकर लागते हे खरं, पण कैरी कापली की पातं काळं पडतं आणि कोकणातल्या खाऱ्या दमट हवेत दोन दिवसांत गंज धरतं. रोज पुसायची शिस्त असेल त्यांनीच त्या वाटेला जावं.

उघडायचा कसा, मिटायचा कसा

बोटं कापतात ती कापताना कमी, मिटताना जास्त.

उघडताना पात्यावरच्या खाचेत अंगठ्याचं नख घाला आणि पातं पाठीकडून धरून पूर्ण उघडा. अर्धवट उघडं पातं कधी ठेवू नका. मिटताना मूठ डाव्या हातात अशी धरा की चारही बोटं मुठीच्या दोन बाजूंना राहतील, पातं जिथे शिरतं त्या फटीवर एकही नको. मग उजव्या हाताच्या तळव्याने किंवा चिमटीने पाठ धरून पातं आणा. लॉकचा असेल तर पट्टी अंगठ्याने बाजूला करा, पातं थोडंसं खाली येऊ द्या, अंगठा काढून घ्या आणि मगच पुढे मिटा. ही मधली एक क्षणाची थांबायची सवय लागली की निम्मे अपघात टळतात.

दुसऱ्याला चाकू देताना मिटून द्यायचा. आणि कापताना एकदा स्वतःला विचारायचं: पातं सटकलं तर कुठे जाईल? ज्या दिशेला जाईल तिथे मांडी, दुसरा हात किंवा शेजारी बसलेला माणूस असेल तर जागा बदला.

खोकी, गोणी, सुतळी

कुरिअरचं खोकं फोडताना लोक चाकू मुठीत धरून भोसकतात. मीही भोसकायचो. बहिणीच्या मंगळागौरीला मागवलेल्या साडीचं खोकं मी असंच उघडलं आणि पदरावर बोटभर चीर पाडली. रफू करून घेतलं, पण ती साडी नेसली की माझी बहीण आजही माझ्याकडे बघून पदर झटकते.

तेव्हापासूनची माझी पद्धत अशी. पातं टोकापासून अर्धा सेंटिमीटर सोडून अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत बाजूंनी धरायचं, म्हणजे बोटंच पात्याला आत जाऊ देत नाहीत. आधी खोक्याच्या दोन्ही टोकांची आडवी टेप कापायची, मग मधली. पातं उभं न धरता तिरकं, जवळजवळ आडवं ठेवायचं आणि झाकणाच्या दोन पाखांमधल्या फटीवरून स्वतःपासून लांब न्यायचं. पुठ्ठा कापायचा नाही, फक्त टेप. पुठ्ठ्याने धार फार लवकर बोथट होते, कारण कागदाच्या लगद्यात बारीक कचकच असते.

गोणीला तर चाकू जवळजवळ लागतच नाही. मशीनची शिवण साखळी टाक्याची असते. बरोबर टोकाने ओढली की सर्रकन सगळी सुटते, चुकीच्या टोकाने ओढली की गाठी बसतात. एका टोकाचा लोंबता दोरा आणि त्यापुढचे एक-दोन टाके चाकूच्या टोकाने तोडा, दोरा मोकळा करा आणि ओढून बघा. अडकला तर जबरदस्ती न करता दुसऱ्या टोकाला जा. अशी सोडलेली गोणी फाटत नाही, पुन्हा वापरता येते आणि रिकाम्या गोणीला गावात मोल असतं.

सुतळी आणि नायलॉनची दोरी कापायची तर दोरीचा फास करून त्यात पातं घालायचं आणि आपल्यापासून लांब ओढायचं. दाबत बसू नका, खेचा. दोरी ताणलेली असेल, टेम्पोवर माल बांधलेला असेल, तर कापण्याआधी समोरून बाजूला व्हा. सुटलेलं टोक डोळ्याला चाबकासारखं लागतं. नायलॉनचं टोक कापल्यावर काडीच्या आचेवर क्षणभर धरलं की विस्कटत नाही.

खाण्यापिण्याची कामं

प्रवासात पेरू, काकडी, कैरी, सफरचंद. डब्यात मीठ-तिखटाची पुडी असली की कैरीच्या फोडींना खिडकीतली जागा सोडून माणसं जवळ सरकतात. फळ तळहातावर ठेवून आरपार कापायचं नाही. वर्तमानपत्र मांडीवर नाही, बाकावर पसरा, त्यावर फळ ठेवा, आधी एक चकती काढून बसायला सपाट बूड करा, मग फोडी. कैरीची कोय टणक झालेली असेल तर तिच्यावर जोर करू नका. दोन्ही बाजूंचे गाल कापून घ्या आणि कोय चोखायला ठेवा.

ज्या चाकूने टेप कापता त्यानेच फळ कापायचं असेल तर आधी गोंद काढा. पात्याला थोडं खोबरेल लावून दोन मिनिटांनी फडक्याने पुसलं की चिकट थर निघून येतो. मग साबणाने धुवा. खतं आणि औषधांच्या पुड्या ज्या चाकूने फोडतो तो मी अन्नाला लावतच नाही. त्यासाठी गल्ल्याजवळ वेगळा, मुठीला लाल टेप गुंडाळलेला चाकू आहे.

पेन्सिल, वायर, नळी

सुताराची चपटी पेन्सिल शार्पनरमध्ये जात नाही. उतारावर गडगडू नये म्हणून ती चपटी असते. तिला चाकूच लागतो. पेन्सिल डाव्या हातात, टोक तुमच्यापासून लांब. पातं लाकडावर तिरकं टेकवा आणि उजव्या हाताने ढकलू नका. डाव्या हाताचा अंगठा पात्याच्या पाठीवर ठेवून त्या अंगठ्याने पातं पुढे सरकवा. उजवा हात फक्त कोन सांभाळतो. पातळ कपच्या निघतात, शिसं मोडत नाही. हीच अंगठ्याची चाल बारीक कोरीवकामाला सगळीकडे उपयोगी पडते.

वायर सोलायची तर आधी मेन स्विच बंद. बटण बंद करून भागत नाही, टेस्टर लावून बघा. चाकूच्या मुठीला विजेपासून संरक्षण नसतं. वायरभोवती गोल खाच पाडायची चूक बरेच जण करतात. त्यात तांब्याच्या दोन-चार तारा कापल्या जातात आणि उरलेल्या तारांवर भार येऊन तिथे वायर तापते. पातं पेन्सिल तासताना धरतो तसं आडवं धरा, प्लास्टिकचा वरचा थर लांबट तासून काढा, उरलेलं मागे वाकवा आणि बुडाशी कापा. तारांवर धार टेकली आहे असं वाटलं की कोन आणखी आडवा करा.

ठिबकच्या १६ मिलिमीटरच्या नळीचं आमच्याकडे रोजचं काम. कात्रीने कापलं की नळी चेपते, टोक तिरकं होतं आणि जॉइनरजवळ पाणी गळतं. नळी लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवा, पातं काटकोनात टेकवा आणि पात्याने दाबण्याऐवजी नळीच पात्याखाली पुढे-मागे लोळवा. टोक सरळ येतं. थंडीत नळी कडक होते, जॉइनर बसत नाही. टोक अर्धा मिनिट गरम पाण्यात बुडवा, मग हाताने बसतो.

कामट्या आणि कलमं

दिवाळीत आकाशकंदिलाच्या कामट्या अजूनही घरी काढणारे थोडे का होईना, आहेत. अख्खा बांबू फोडायला कोयता हवा, पण फोडलेली पट्टी बारीक करायला खिशातला चाकू पुरतो. पट्टीच्या टोकाला बरोबर मधोमध पातं टेकवून थोडी फट पाडा. पात्यावर हातोडी मारू नका, घडीच्या चाकूचा खिळा, ज्यावर पातं फिरतं तो, अशाने सैल होतो. फट पडली की चाकू बाजूला ठेवा आणि दोन्ही भाग हातांनी फाकवत चला. चीर एका बाजूला सरकू लागली, एक भाग जाड आणि एक पातळ होऊ लागला, तर जाड भाग जास्त वाकवा. चीर त्या बाजूला वळते आणि पुन्हा मधोमध येते. पहिल्या वेळी हे जादूसारखं वाटतं. शेवटी कामटीच्या दोन्ही कडांवरून पात्याची पाठ खरवडत न्या, म्हणजे कुसळं निघतात. पाठ वापरल्यामुळे धारही जात नाही.

कलमाचा चाकू वेगळा असतो. त्याला एकाच बाजूने धार, त्यामुळे काप अगदी सपाट येतो. कोकणात आंब्याची कोय कलमं बांधणारे पावसाळ्याच्या सुरुवातीला नुकती उगवलेली, पानं अजून तांबूस असलेली रोपं घेतात, शेंडा उडवतात, मधोमध उभी चीर देतात, त्यात त्याच जाडीची पाचरेसारखी तासलेली काडी बसवतात आणि प्लास्टिकच्या पट्टीने आवळतात. काडीचा काप एका ओढीत झाला पाहिजे. दोनदा तासला की त्यावर लाटा पडतात, साली एकमेकींना चिकटत नाहीत आणि कलम वाळतं. साध्या चाकूने घरच्या गुलाबावर डोळा भरता येतो, म्हणजे दुसऱ्या झाडाची कळी सालीत बसवता येते, पण आधी धार ताजी करा आणि प्रत्येक झाडानंतर पातं स्पिरिटने पुसा.

आणि हो, चाकूने डब्याचं झाकण उचकटू नका, स्क्रू फिरवू नका. टोक मोडतं किंवा लॉक ढिलं होतं. दोन्हीचा इलाज नाही.

धार

बोथट चाकू जास्त कापतो, बोट. कारण जोर द्यावा लागतो आणि जोर दिला की सटकतो.

दोन बाजूंचा दगड घ्या, एक खरखरीत, एक मऊ. बाजारात सहज मिळतो. ओला फडका खाली घालून दगड घट्ट बसवा, त्यावर पाणी शिंपडा. कोन असा ठरवायचा: पातं दगडावर काटकोनात उभं करा, त्याच्या निम्म्यावर आणा, पुन्हा निम्म्यावर. साधारण २० अंश झाले. आता दगडावरून पातळ साल काढायची आहे असं समजून धार पुढे ठेवून, बुडापासून टोकापर्यंत न्या. एका बाजूला आठ-दहा वेळा. मग दुसऱ्या बाजूला बोट धारेच्या दिशेने नाही, पाठीकडून धारेबाहेर हलकं सरकवून बघा. बारीक खरखरीत कड लागली तर पहिल्या बाजूचं काम झालं. नाही लागली तर कितीही घासलं असलं तरी धारेपर्यंत दगड पोचलेला नाही. बहुतेक लोक इथेच कंटाळून सोडतात आणि दगडाला नावं ठेवतात. दुसऱ्या बाजूनेही तसंच, मग मऊ दगडावर दोन्हीकडून आळीपाळीने, हात हलका करत करत. शेवटी जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर धार मागे ठेवून दहा-बारा वेळा ओढा.

दगड नसेल तर चिनीमातीचा कप उलटा करा. बुडाशी चकाकी नसलेलं जे खडबडीत कडं असतं त्यावर प्रवासात काम भागतं.

तपासायला अंगठा नको. वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून कापा. फाटला तर नाही, सुळकन कापला गेला तर झाली धार. सायकलवर फिरणाऱ्या धारवाल्याकडे विळी, सुऱ्या, कात्र्या जरूर द्या. लहान चाकूचं पातळ पातं मात्र कोरड्या चाकावर पटकन तापतं. टोकाला निळसर झाक आली की तिथलं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं समजा, मग ती जागा धार धरत नाही.

साफसफाई

खिशातला लोकर-भुसा आणि गुळाची चिकटी खिळ्याजवळ साचते. महिन्यातून एकदा कोमट साबणाच्या पाण्यात जुन्या ब्रशने घासा, आतल्या फटीतही. उघडा ठेवून पूर्ण वाळवा, ओला मिटायचा नाही. खिळ्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. खोबरेल तिथे नको. थंडीत, २४ अंशांच्या खाली, ते गोठतं आणि चाकू जड उघडतो. शेंगदाण्याचं तेल काही दिवसांनी चिकट होतं.

हात कापलाच तर स्वच्छ कापड ठेवून दहा मिनिटं घट्ट दाबा, मध्ये उचलून बघू नका. रक्त तरीही थांबत नसेल, जखम खोल असेल किंवा बोट नीट हलत नसेल तर दवाखाना. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवून ठेवा.

कायदा आणि प्रवास

शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख येतो, आणि तिथेही घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक वापरासाठी बनवलेली हत्यारं वगळलेली आहेत. तीन इंची चाकू त्यात बसत नाही. तरी निवडणूक, मिरवणूक, दंगलीची भीती अशा वेळी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली बंदीचे आदेश निघतात, त्यात चाकूही येतात. त्या दिवसांत घरी ठेवा. कोर्ट, मॉल, मोठी देवस्थानं, जिथे तपासणी आहे तिथे नेऊच नका. परदेशातल्या नातेवाइकाला भेट देणार असाल तर तिथलं बघा. ब्रिटनमध्ये कारणाशिवाय खिशात ठेवायचा तर चाकू घडीचा, लॉक नसलेला आणि धार ३ इंच किंवा त्याहून कमी हवी.

विमानात हातातल्या बॅगेत चाकू चालत नाही, सामानात दिलेल्या बॅगेत चालतो. हे मला माहीत होतं. तरी भाच्याच्या लग्नाला जाताना पँटच्या छोट्या खिशात राहिला. मशीन वाजलं, तपासनिसाने ट्रे पुढे केला आणि अकरा वर्षं वापरून पातं निम्मं झिजलेला माझा चाकू इतरांच्या कात्र्या-लायटरांच्या ढिगात पडला. आता प्रवासाच्या आदल्या रात्री दुकान बंद करताना नवा चाकू वजनकाट्याशेजारच्या खिळ्याला अडकवतो आणि पोऱ्याला सांगून ठेवतो, उद्या गोण्या तू सोड, आणि दोरा आधी ओढून बघ.